आधी आसन, मग उत्सव

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होते आणि षोडशोपचार पूजेस प्रारंभ होतो. या सोळा उपचारांत पहिला आवाहनाचा, तर दुसरा आसनाचा. पाद्य, अर्घ्य, स्नान, गंध, पुष्प, नैवेद्य हे सारे त्यानंतरचे. ज्यास आदराने बोलाविले त्यास प्रथम नीट बसावयास द्यावे आणि मग बाकीचा पाहुणचार करावा, इतका साधा आणि माणुसकीचा हा क्रम आहे. घरच्या पूजेत तो कोणी मोडीत नाही. चौरंग डुगडुगत असेल, तर त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारून तो स्थिर केल्यावाचून त्यावर मूर्ती ठेवण्यास कोणी धजणार नाही.

हीच दक्षता सार्वजनिक मंडपात, देवळाच्या सभागृहात आणि गृहनिर्माण संस्थेच्या अंगणात जमणाऱ्या माणसांच्या वाट्याला येते काय? उत्सवाच्या विशेष पानात खुर्च्यांचा विषय काढावा हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु मूर्तीच्या दर्शनाला आलेला मनुष्य क्षणभर उभा राहतो आणि पुढे जातो; कीर्तनाला, व्याख्यानाला, अथर्वशीर्षाच्या सामुदायिक पठणाला आलेला मनुष्य दोन दोन तास बसतो. त्यांत साठी-सत्तरी उलटलेलेच बहुसंख्य असतात. तरुणाच्या खालची खुर्ची मोडली, तर चार जण हसतात आणि तोही हसतो. वृद्धाच्या खालची मोडली, तर खुब्याचे हाड जाते, आणि त्या वयात ते दुखणे माणसाला अंथरुणाला खिळवून टाकते. म्हणून या सामान्य वस्तूकडे मंडळांच्या चालकांनी जरा बारकाईने पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही हे लिहीत आहो.

जाजमापासून खुर्चीपर्यंत

एकत्र बसून ऐकण्याची आवड महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप देण्यास चालना दिली, आणि आरतीच्या जोडीला व्याख्याने व मेळेही उत्सवाचे अंग होऊन बसले. कीर्तनाची परंपरा तर त्याहूनही कितीतरी जुनी. या सर्व ठिकाणी श्रोत्यांचे आसन म्हणजे सतरंजी किंवा जाजम. त्याचे गुण थोर होते. कार्यक्रम संपला की गुंडाळून कोपऱ्यात उभे करावे. दाटी झाली तर चौघांच्या जागेत पाच जणांनी सरकून बसावे. आणि त्यावर सावकार व गडी यांची पातळी एकच.

खुर्चीला हे गुण जात्याच नाहीत. तिच्यावर कोणी बसलेले नसतानाही ती पुरी जागा अडविते. या एका दोषावर उपाय शोधण्यात कारागिरांची शे-दीडशे वर्षे गेली. व्हिएन्ना येथील थोनेट यांची वाकविलेल्या लाकडाची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ मध्ये निघाली. ती सुटी करून एक घनमीटर मापाच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत असत. पुढे १९५४ मध्ये इटलीचे शास्त्रज्ञ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक सिद्ध केले. त्यांना व जर्मनीचे झिग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबिन डे यांनी या प्लॅस्टिकची बैठक असलेली, एकीवर एक रचता येणारी खुर्ची बाजारात आणली. लगेच १९६४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड रोलंड यांची लोखंडी सळईची खुर्ची आली. तिच्या नावातच तिचा गुण सांगितला होता: ४० खुर्च्या ४ फूट उंचीत. त्यानंतर १९७२ मध्ये फ्रान्सचे मासोने यांनी एका साच्यातून एका दमात अखंड निघणारी खुर्ची काढली. आज आपल्या खेडोपाडीच्या मंडपात दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या याच कुळातल्या.

मात्र या विद्येचे तत्त्व आपल्या गृहिणींना केव्हापासूनच ठाऊक आहे. स्वयंपाकघरातील उतरंड ती हीच. भांडे भांड्यावर बसावे, पण रुतू नये. खालच्याने वरच्याचा भार सोसावा, पण चेपू नये. खुर्ची निवडतानाही पाहावयाचे ते हेच.

आधी जागा मोजावी

बहुतेक मंडळे प्रथम खुर्च्यांची संख्या ठरवितात आणि मग जागेत त्या कोंबतात. क्रम उलटा हवा. समजा, सभागृह ३० फूट रुंद व ४० फूट लांब आहे. पुढचे १० फूट व्यासपीठाला गेले. उरलेल्या चौकात मधोमध ४ फुटांची आणि दोन्ही भिंतींलगत ३-३ फुटांची वाट मोकळी सोडली, तर बसण्यासाठी दोन्ही बाजूंस १०-१० फूट रुंदी राहते. बिनहाताच्या खुर्चीला २० इंच धरले, तर एका बाजूस ६, म्हणजे एका रांगेत १२ खुर्च्या होतात. मागे ३ फूट सोडून दर ३ फुटांवर एक रांग मांडली, तर ९ रांगा. एकूण खुर्च्या १०८. संख्याही मंगल आहे!

हाताच्या खुर्चीला २४ इंच लागतात. मग रांगेत १० आणि एकूण ९० च बसतील. तेव्हा सरसकट हाताच्या खुर्च्या घेणे परवडणारे नाही. उलट सरसकट बिनहाताच्या घेणेही बरे नव्हे. कारण ज्यांचे गुडघे धरले आहेत त्यांना उठताना हातांवर भार द्यावा लागतो. आमच्या मते दर पाच खुर्च्यांत एक हाताची असावी आणि त्या साऱ्या वाटेच्या कडेला मांडाव्यात. बैठकीची उंची जमिनीपासून १७-१८ इंच असावी. त्याहून बुटकी खुर्ची दिसावयास ऐसपैस, पण वृद्धाला तिच्यातून उठणे म्हणजे विहिरीतून वर येणे.

आणि कितीही दाटी झाली तरी वाटांमध्ये जादा खुर्च्या टाकू नयेत. मंडपात काही अघटित घडले, तर माणसांना बाहेर नेणारी तेवढीच वाट असते.

खुर्ची उलटी करून पाहावी

दुकानात खुर्ची समोरून सुंदरच दिसते. तिचे खरे चरित्र खालच्या अंगाला असते. ती उलटी करावी. बैठकीखाली आडव्या-उभ्या उभार पट्ट्या आहेत की नुसता सपाट पत्रा आहे, पाय जेथे बैठकीला मिळतात तेथे जाडी वाढविली आहे की कमी केली आहे, हे पाहावे. खुर्ची फाटते ती बहुधा या सांध्यापाशीच. तेथे थोडे वाकवून पाहावे. पांढरी रेघ उमटली, तर माल कच्चा समजावा. मागच्या बाजूस त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ती पॉलिप्रॉपिलीनची आहे असे समजावे.

नवा दाणा आणि जुने प्लॅस्टिक वितळवून केलेला दाणा यांत फरक असतो. जुन्याची भेसळ फार असेल तर रंग एकसारखा येत नाही, पृष्ठभाग मळकट दिसतो आणि कधी कधी उग्र वासही येतो. काही कारखानदार खडूची पूड मिसळून वजन भरून काढतात. म्हणून नुसती जड खुर्ची म्हणजे भक्कम खुर्ची असे मानू नये. दोन सारख्या मापाच्या खुर्च्या शेजारी ठेवून दाबून, पिळून पाहाव्यात. हाताला जे कळते ते छापील जाहिरातीत नसते.

यानंतरची परीक्षा फरशीवरची. गुळगुळीत फरशीवर खुर्ची ठेवून मंडळातील सर्वांत भारदस्त सभासदाला बसवावे. शेजारी आधाराला एक जण उभा ठेवावा. त्यांनी पाच-सहा वेळा उठबस करावी, मागे रेलावे. पाय बाहेर फाकू लागले, तर ती खुर्ची घेऊ नये. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, याच दोषाने माणसे पडतात. पायांना रबरी टोपणे असतील तर उत्तम, पण ती ओढली असता सहज निघता कामा नयेत.

उन्हाचेही भान हवे. उघड्या अंगणात बारमाही पडून राहिलेले पॉलिप्रॉपिलीन सूर्याच्या अतिनील किरणांनी ठिसूळ होते. प्रथम तकाकी जाते, मग हात फिरविला तर भुकटी लागते, आणि मग एके दिवशी काही न कळता पाय मोडतो. या किरणांना रोखणारे द्रव्य मिसळलेला माल मिळतो. तो मागून घ्यावा आणि विक्रेत्याकडून पावतीवर तसे लिहून घ्यावे. तरीही काम संपताच खुर्च्या सावलीत न्याव्यात, हे सर्वांत स्वस्त औषध.

लोखंडाचे गुणदोष

ज्या सभागृहात वर्षभर रोज वर्ग, सभा, वाचनालय असे काही चालते, तेथे लोखंडी नळीची, एकीवर एक बसणारी खुर्ची अधिक काळ टिकते. पण तिचीही पारख हवी. नळीची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. कारण आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, तर १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. सांध्याचे वेल्डिंग चहूबाजूंनी फिरलेले असावे. नुसते दोन ठिपके पुरत नाहीत. नळीची तोंडे टोपणांनी बंद असावीत, नाही तर फरशी पुसतानाचे पाणी आत शिरते आणि गंज आतून खात जातो. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत शाबूत दिसतो. कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे दुखणे फार लवकर जडते. तेथे मोकळ्या मंडपासाठी लोखंडापेक्षा चांगले प्लॅस्टिक बरे.

घडीच्या लोखंडी खुर्चीचा आपल्याकडे जुना परिपाठ आहे. ती जागा कमी घेते खरी, परंतु तिच्या सांध्यात मुलांची बोटे चिमटतात आणि खिळा झिजला की ती बसलेल्या माणसासकट मिटते. ज्या मंडळांकडे अशा खुर्च्या आहेत, त्यांनी दर वर्षी प्राणप्रतिष्ठेपूर्वी प्रत्येक खिळा तपासून घ्यावा.

चळत आणि तिचे घर

खुर्च्यांचे आयुष्य त्यांच्यावर बसणाऱ्यांपेक्षा त्या उचलणाऱ्यांच्या हाती अधिक असते. कार्यक्रम रात्री अकराला संपतो, कार्यकर्ते दमलेले असतात, आणि मग खुर्च्या फेकल्या जातात. म्हणून निवड करताना ज्या मुलांना त्या रोज मांडावयाच्या व उचलावयाच्या आहेत, त्यांनाच दुकानात न्यावे. एका हातात दोन खुर्च्या सहज उचलल्या जातात काय, रचलेली खुर्ची ओढाताण न करता सुटते काय, हे त्यांनाच नीट कळेल. चांगल्या खुर्चीला दोन बैठकींमध्ये अंतर राखणारे उंचवटे असतात. ते नसले तर ओलसर हवेत खुर्च्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, आणि ओढताना पाय तडकतात. लोखंडी खुर्चीत नळीवर नळी घासून रंग निघू नये म्हणून मध्ये रबरी किंवा नायलॉनची गादी असावी.

प्लॅस्टिकची साधी खुर्ची ३२ इंच उंच धरली आणि तीवर बसणारी प्रत्येक खुर्ची ३ इंच उंची वाढविते असे मानले, तर १२ खुर्च्यांची चळत सुमारे साडेपाच फूट होते. वरील १०८ खुर्च्यांच्या ९ चळती झाल्या. प्रत्येकीला ४ चौरस फूट धरले तरी ३६ चौरस फूट जागा पुरते, म्हणजे एका भिंतीलगतचा पट्टा. बारापेक्षा उंच चळत रचू नये. ती पुढे झुकते आणि खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर कोसळण्याचे भय असते. सर्व खुर्च्या एकाच साच्याच्या घ्याव्यात आणि गरजेपेक्षा शेकडा दहा जास्त घ्याव्यात. दोन वर्षांनी तोच साचा बाजारात मिळेलच असे नाही, आणि वेगळ्या साच्याची खुर्ची जुन्या चळतीत बसत नाही.

एक सूचना आम्ही आग्रहाने करतो. पॉलिप्रॉपिलीन पेट घेते, आणि पेटले की वितळून जळते थेंब गाळते. चळत समई, निरांजन व होमकुंड यांच्या जवळ, विजेच्या फळीखाली किंवा जिन्याच्या तोंडाशी कदापि ठेवू नये. उत्सवाच्या गडबडीत मोकळा कोपरा म्हणून नेमकी हीच ठिकाणे सुचतात.

वर्गणीच्या पैशाचा हिशेब

खुर्च्या भाड्याने आणाव्यात की विकत घ्याव्यात? याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. केवळ रीत कळावी म्हणून आकडे घेऊ. खुर्ची ६०० रुपयांची आणि एका दिवसाचे भाडे १० रुपये असेल, तर ६० दिवसांत किंमत वसूल होते. मंडळाला उत्सवाचे १० आणि इतर कार्यक्रमांचे १० असे वर्षाला २० दिवस लागत असतील, तर तीन वर्षे लागतील. खुर्ची तीनच वर्षे टिकली तर मंडळाने काही मिळविले नाही. उलट धुणे, सांभाळणे अंगावर पडले. आठ वर्षे टिकली तर पुढची पाच वर्षे ती फुकट बसविते. ज्या मंडळाला वर्षात केवळ दहा दिवस लागतात आणि ठेवण्यास जागा नाही, त्याने मंडपवाल्याकडून भाड्याने आणाव्यात. मात्र उतरवून घेतानाच प्रत्येक खुर्ची तपासावी आणि तडा गेलेली तेथेच परत करावी.

म्हणजे खरेदीचा सारा नफा टिकाऊपणात आहे. शंभर रुपये वाचवून घेतलेली हलकी खुर्ची हा वर्गणीदारांच्या पैशाचा अपव्यय होय. तो पैसा कोणा हातगाडीवाल्याने, कोणा निवृत्त शिक्षकाने श्रद्धेने दिलेला असतो. नोंदणीकृत संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेब ठेवावे लागतातच; त्यासोबत जडसंग्रह नोंदवहीत खुर्च्यांची संख्या, खरेदीचे वर्ष आणि मोडतोड लिहावी. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही, म्हणून मंडळाचे नाव खरेदीच्या वेळीच छापून घ्यावे. आणि तडा गेलेली खुर्ची तारेने बांधून पुन्हा रांगेत ठेवण्याचा मोह टाळावा. तिचे तेथेच दोन तुकडे करून ती भंगारात द्यावी, म्हणजे ती चुकून कोणाच्या आजोबांच्या वाट्याला येणार नाही. ते प्लॅस्टिक वितळून पुन्हा उपयोगात येते.

पहिली रांग कोणाची?

खुर्च्या उत्तम घेतल्या, पण मांडताना विवेक राहिला नाही तर सारे व्यर्थ. पुष्कळ मंडपांत पुढे पाहुण्यांसाठी गुबगुबीत कोच रिकामे असतात आणि मागे खांबाला टेकून म्हाताऱ्या उभ्या असतात. पाहुणे उशिरा येतात, हारतुरे स्वीकारतात आणि लवकर जातात. शेवटच्या आरतीपर्यंत थांबतात त्या म्हाताऱ्याच.

आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, कीर्तनाच्या दिवशी व्यासपीठासमोर जाजमच अंथरावे. मुलांना आणि ज्यांना मांडी घालून बसण्यात आनंद आहे त्यांना तेथे बसू द्यावे. त्यामागे खुर्च्यांच्या रांगा असाव्यात आणि त्यांतील पहिल्या दोन वृद्ध, अपंग व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी राखाव्यात. कडेला दोन खुर्च्यांएवढी जागा चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी सोडावी. अंगण मातीचे असेल तर खुर्च्यांखाली फळ्या टाकाव्यात. पावसाने भिजलेल्या मातीत एक पाय रुतला तरी खुर्ची कलंडते.

पंढरीच्या पुंडलिकाची कथा आपण सर्व जाणतो. आईबापांची सेवा चालू असताना साक्षात परमेश्वर दारी आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. देवाला उभे राहण्यासाठी एक वीट पुढे केली. देवही त्या विटेवर संतोषाने उभा राहिला, असे आपण मानतो. देव तिष्ठत राहू शकतो, थकलेले आईबाप राहू शकत नाहीत, हेच तो भक्त जाणत होता. मखराची उंची, दिव्यांच्या माळा, मिरवणुकीचा थाट यांत मंडळांची चढाओढ होते. यंदा ती आसनांतही व्हावी. ज्या मंडपातून दहा दिवसांत एकही वृद्ध उभा राहून परतला नाही आणि एकही खुर्ची कोणाला दगा देऊन गेली नाही, त्या मंडपातला दुसरा उपचार यथासांग झाला असे आम्ही म्हणू. ही बुद्धी तो बुद्धिदाता सर्व चालकांना देवो.